हाकेला ओ मिळत नाही

तीर्थरूप शुभदाताईस,
पोलादपुराजवळच्या आपल्या गावाहून धाकट्या महिपतीचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? महाडच्या त्या जिन्यावरून चढउतार कमी कर. इकडे भात झोडून झालं, म्हैस दुधाला बरी आहे, मी तेवढा चहावाचून आहे. (फोनच केला असता, पण फोनवरचा माझा आवाज पलीकडच्या वाडीत जातो, असं तूच म्हणतेस.)

तुझी भावजय सरपंच होऊन वर्ष झालं. गाव मात्र मला ‘सरपंच’ म्हणतं आणि तिला ‘वहिनी’. मी कुणाकुणाचं तोंड धरणार? (खरं सांगू, कानाला गोड लागतं.) परवा तालुक्याचे साहेब शाळेची नवी खोली बघायला आले. आपल्या शेजारच्या हैबतीने माइकवर पुकारलं, “आता सरपंचांचा सत्कार!” मी उठलो, मान वाकवली, शाल-श्रीफळ घेतलं, वर दोन शब्द बोललोही. ज्या खोलीसाठी हिने वर्षभर तालुक्याला खेटे घातले, ती खोली; आणि ही बाजूला ओवाळणीचं ताट धरून उभी! साहेबांनी विचारलं, “या ताई कोण?” हैबती म्हणाला, “त्या होय? आमच्या वहिनी.”

घरी भांडी आदळतील असा माझा अंदाज होता. पण ही शांतपणे म्हणाली, “गावाला बोलून काय उपयोग? घरातच मला कोण नावानं हाक मारत नाय. उद्यापासून ‘अगं ए’ला मी ओ देणार नाय.”

आणि खरंच देत नाही गो! ‘ऐकलंस का’ म्हणून झालं, खोकून झालं. (आपल्या बाबांनी आईला जन्मभर खोकूनच बोलावलं.) नाव ओठापर्यंत येतं आणि माघारी जातं. सरावासाठी गोठ्यात एकदा मोठ्याने घेतलं, तर म्हैस उठून उभी राहिली आणि कुडापलीकडून हैबती ओरडला, “सरपंच, कोन हरवलाय काय?”

लाज वाटते ताई. ती शाल अंगावर घेववत नाही.

तुझा,
महिपती

ता. क. : खरं काम असं, की रविवारी जेवायला ये आणि आल्याआल्या तिला नावाने हाक मार. ती ओ देईल, त्याच ओघात मी चहा मागून घेईन.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालतोय तोच पडवीतून हाक आली, “महिपती!” लग्नानंतर पहिल्यांदा! मी घाबरून ओरडलो, “ओ, विनीता!” दोघंही दचकलो, मग पोट धरून हसलो. फार बरं वाटलं. सरपंचांनी दोन कप चहा टाकायला सांगितलाय. आधण उकळतंय, तेव्हा साखरेचा डबा कुठे असतो ते उलट टपाली कळव. तिला विचारायचं म्हणजे पुन्हा नाव घ्यावं लागेल.