वाचला असे समजून

धारूर,
२० नोव्हेंबर १९८६

चि. सिंधूस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तुझं आहे, तसंच तुझ्या शेजारच्या बसम्माचंही. तिला मोठ्यानं वाचून दाखव. बहात्तरच्या दुष्काळात कोठीबागेची विहीर ज्या बेचाळीस जणांनी खोदली, त्यांना त्याच बागेच्या फाटकाबाहेर उभं केलं गेलं आहे. त्या बेचाळिसांत तू आहेस, बसम्माचे वडील मन्मथप्पा होते, आपली माय आहे.

इकडचं बरं म्हणायचं. यंदाही आभाळ कोरडंच गेलं. टँकर एक दिवसाआड येतो. शाळा चालू आहे. मायचा गुडघा दुखतो, पण हिंडतीफिरती आहे. तिनं शेजारच्या पोरीकडून तुला लिहून घेतलेल्या पत्रात माझं नाव कसं नाही, असं तू विचारलंस. सांगतो. आधी बाकीचं सांगतो.

दिवाळीनंतरचा रविवार म्हणजे बागेचा दिवस. तुला आठवतं ना? जहागीरदार हैदराबादेला निघून गेला, कोठी आणि बाग फळबाग सोसायटीकडे आली, आणि बहात्तरला झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली. सोसायटीकडे मजुरी द्यायला काही नव्हतं. तेव्हा ठरलं, जे विहीर खोदतील त्यांचा वर्षातला एक दिवस, सहकुटुंब, कायमचा. सदतीस हात खोलीवर मायच्या पहारीखाली पाणी लागलं. तू सोळा वर्षांची, चिखलानं माखलेली, वर बघून ओरडत होतीस.

पहिल्या वर्षी मन्मथप्पा स्वतःचा तांब्या आणि स्वतःची पत्रावळ घेऊन चिंचेखाली वेगळे बसले. माय म्हणाली, "अप्पा, हिरीत तुमचं पानी येगळं लागलं आन आमचं येगळं, आसं काई झालं का?" अप्पा तांब्या उचलून पंगतीत येऊन बसले आणि म्हणाले, "वाढ दगडाबाई, पर ठेचा बेतानं वाढ. मागं विहिरीवर खाल्लेला आजून उतरला न्हाई." त्या दिवसापासून एकच पंगत. मी आयुष्यात समतेवर शेकडो भाषणं केली, सिंधू. त्या एका पंगतीएवढं एकही भाषण चाललं नाही.

यंदा त्या रविवारी माय पहाटेच उठली. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. नवं लुगडं नेसली. मी म्हणालो, शाळेचं काम आहे, मागून येतो. ती इतर बायकांबरोबर पुढं गेली. फाटकाला कुलूप. आत कोठीच्या ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या, कारंज्याचा हौद भरून सोडलेला, बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. गाव टँकरपुढं रांगेत, आणि आपल्या विहिरीचं पाणी शोभेला.

कचरू पहाऱ्यावर होता. म्हणाला, "माय, आज फाटक बंद हाय. माजा काई विलाज न्हाई."

"कावून बंद? हीर कुनी खनली, तुज्या आज्यानं का?"

"ठराव झालाय. अध्यक्षाच्या परवानगीबिगर कुनालाच सोडायचं न्हाई."

अध्यक्ष म्हणजे धर्मराज. आपल्या चुलीपाशी बसून भाकरी खाल्लेला, मायला माय म्हणणारा धर्मराज. त्याला निवडून आणायला मी गावोगाव घसा फोडला होता. माय म्हणाली, "धर्माला बोलाव. त्यो मला न्हाई म्हनायचा न्हाई." धर्मराज आतच होता. तो फाटकापर्यंतही आला नाही.

माय रस्त्याच्या कडेला बसली, फडकं सोडलं आणि तिथंच जेवली. बाकीच्याही बसल्या. धुरळ्यात, ट्रक जाताहेत. मी पोचलो तेव्हा पंगत अर्धी झाली होती. मी कचरूवर आवाज चढवला. काय काय बोललो, सगळं छापण्यासारखं होतं. कचरूनं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, मला कावून बोलायलेत? ठराव तर तुमीच मांडलाय."

हेच तुला सांगायचं टाळत होतो.

ऑगस्टमध्ये सोसायटीची वार्षिक सभा झाली. पत्र्याखाली माणसं उकडून निघालेली. मी सहकारावर पाऊण तास बोललो, टाळ्या झाल्या. पाच विषय उरले होते. धर्मराज कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, लोकांच्या पोटात कावळे वरडायलेत. उरलेले विषय वाचले आसं समजू. तू मांड, तुज्या शब्दाला कुनी न्हाई म्हनत न्हाई." अशी पद्धतच आहे सभांची, तुला ठाऊक आहे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "विषय सात ते अकरा वाचले असे समजून मंजूर करावेत." सगळे हात वर गेले. मायचाही. माझ्याकडे बघून तिनं हात वर केला.

नववा विषय बागेचा होता. जुना हक्क रद्द, कोठी आणि बाग पाहुण्यांसाठी राखीव.

मी रात्रंदिवस वाचणारा माणूस. एक कागद वाचला नाही, तोही मायच्या हक्काचा. धर्मराजनं दगा दिला, हे खरं. पण त्यानं दग्यासाठी माझंच तोंड वापरलं आणि मी ते दिलं, हेही तितकंच खरं.

कचरूचं बोलणं मायनं ऐकलं. तिनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तू बोलतूस तवा मी आर्थ इचारत नसते, सुग्रीव." तेव्हापासून ताट वाढते, बोलत नाही.

या महिन्याच्या तीस तारखेला, रविवारी, विशेष सभा आहे. सभासदांच्या सह्या गोळा करून मीच ती मागितली. फेरविचार मागायला मी उठलो तर धर्मराज हसून म्हणेल, मांडणारा हाच. आणि माझ्या शब्दावर पुन्हा कुणी हात वर करू नये, असं मलाही वाटतं. खोदणारी म्हणून तू सभासद आहेस. अप्पांच्या जागी बसम्मा आहे. तुम्हाला भाषण करायचं नाही.

तीस तारखेला सकाळच्या केज-धारूर एसटीनं दोघी या. सभा सुरू होताच उभ्या राहा आणि एकच वाक्य म्हणा: "नववा ठराव मोठ्यानं वाचा." तो वाचून होईपर्यंत खाली बसू नका.

मी मागच्या रांगेत, मायच्या शेजारी, तोंड मिटून बसलेला असेन. ती बसू देईल तर.

न वाचता बोललेला तुझा भाऊ,
सुग्रीव