बादली क्रमांक पाच

५ जानेवारी, शुक्रवार
जिन्यात पुन्हा चिठ्ठी. ‘शुक्रवारी इमारतीच्या सौनात कुणीतरी आपली वेळ संपल्यावरही बसून राहतं.’ नाव नाही, सही नाही. अक्षर तिसऱ्या मजल्यावरच्या योउनी व्हारेचं. त्या सामाईक वाफेच्या खोलीत त्याची पाळी माझ्यानंतर, सात ते आठ. त्याला स्वतःला काय त्रास आहे कळत नाही, पण न्यायाची चाड असलेला माणूस दिसतो.

गुन्हेगार उघड आहे. लाम्पेलाबाई, घर नंबर पाच, वय अठ्ठ्याहत्तर, पाळी पाच ते सहा. मी सहाला आत जातो तेव्हा फरशी ओली असते. आणखी काय पुरावा हवा?

शुक्रवारची पाळी मिळायला मी अकरा वर्षं यादीत थांबलो. बाईंची पाळी रद्द झाली तर ती बहुधा शेजारच्यालाच मिळेल. पाच ते सात. सलग! अर्थात माझा हेतू तो नाही.

१० जानेवारी, बुधवार
सोसायटीची मीटिंग. मी नियम सुचवला: वेळ मोडल्याचं सिद्ध झालं की पाळी रद्द, नाव यादीच्या तळाला. अध्यक्ष प्यूक्को म्हणाला, सिद्ध कसं करणार, सौनात कॅमेरा लावणार का? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मग मी माझा टॅग दाखवला. नखाएवढा स्फटिक, बॅटरी नाही. बाहेरून रेडिओचा इशारा दिला की स्फटिकाच्या पृष्ठभागावर बारीकशी लहर धावते, वाटेतल्या धातूच्या पट्ट्यांवरून परत फिरते. परतायला किती वेळ लागला त्यावरून नंबर कळतो. सौनात साधी चिप भाजून निघाली असती, हा मजेत राहतो. ओतानिएमीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं हेच केलंय. सौनात पाण्यासाठी नेतात त्या घरोघरच्या बादलीला एकेक टॅग लावायचा, बस.

कुणी काही बोललं नाही. आमच्या इमारतीत याला टाळ्यांचा कडकडाट म्हणतात.

१७ जानेवारी, बुधवार
टॅग लावले, सौनाच्या दाराबाहेर वेळा टिपणारं यंत्रही. घर नंबर तोच टॅगचा नंबर. मी चार, बाई पाच.

लॅबमधल्या केर्तूने विचारलं, तापमानाची दुरुस्ती केलीस का? गरम स्फटिकात लहर मंदावते, परतायला उशीर होतो, नंबर पुढे सरकतो. मला शिकवते! पोरगी हुशार आहे पण भित्री. म्हटलं, माझ्या टेबलावर नंबर अचूक येतायत. टेबलावर वीस अंश असतात, असं काहीतरी पुटपुटली. दुरुस्ती करीन सवडीने.

२६ जानेवारी, शुक्रवार
सौना उत्तम. ठीक सातला बाहेर. मी घड्याळ नेत नाही, मला अंदाज आहे. वर आलो तर साल्मनचं सूप पुन्हा गार. सिर्कूला लग्नापासून सांगतोय, इतक्या लवकर वाढू नकोस. ती नुसती बघते.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिले रिझल्ट! फक्त बेरजा पाहिल्या, तपशिलात शिरायची गरजच नाही. पाच नंबर: दर शुक्रवारी जवळजवळ दोन तास. दोन तास! या वयात!

आणि मी? बारा मिनिटं. मलाच वाटायचं मी जरा जास्त बसतो. स्वतःविषयी आदर वाटला.

२ मार्च, शुक्रवार
संकल्प: मीटिंगमध्ये विजयी चेहरा करायचा नाही. म्हातारीशी सौजन्याने वागायचं. पाच ते सहाच्या पाळीचा अर्ज लिहून खिशात ठेवलाय.

७ मार्च, बुधवार
अर्ज खिशातच राहिला.

मी बेरजा वाचून दाखवल्या. लाम्पेलाबाई मोजा विणत होत्या. विणकाम ठेवलं, चष्मा लावला, वेळांचा कागद मागितला. बाई आयुष्यभर रेल्वेचं वेळापत्रक लावत होत्या हे मला कुणी सांगायला नको होतं का?

“पाच नंबर पाचला आला, पावणेसहाला गेला,” त्या म्हणाल्या. “सहाला चार नंबर आला. बारा मिनिटांनी तो नाहीसा झाला आणि पाच नंबर परत आला, तो सात पंचविसापर्यंत. म्हणजे इल्पो, दर शुक्रवारी मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसते, आणि तुला पत्ता नाही?”

कुणी हसलं नाही. सगळे टेबलाकडे बघत होते, ते हसण्यापेक्षा वाईट. प्यूक्कोने शांतपणे विचारलं, तुला या तिथे दिसल्या का? टॅग चुकला म्हणावं तर बावीस वर्षं पाण्यात. चुकला नाही म्हणावं तर बाई खरंच माझ्या शेजारी... मी म्हणालो, वाफ दाट असते.

त्यावर व्हारे बोलला. अकरा वर्षांत त्याचं पहिलं वाक्य. “आम्ही चौघं टॉवेल घेऊन पायरीवर बसलेलो असतो. दाराशी तुझे बूट असतात.”

९ मार्च, शुक्रवार, ४.५०
माझाच नियम एकमताने लागू. यादीत एकतिसावा.

दुरुस्ती केली. वीस मिनिटं लागली. बाई सौना कोमट ठेवतात, त्यांचा नंबर बरोबर येतो. मी वाफेसाठी तापल्या दगडांवर पाणी ओतत सुटतो, बादली तापते, आणि चाराचा पाच होतो. सातही शुक्रवार, साडेसातला टेकेपर्यंत, मीच. टॅग निर्दोष आहे. मला फार वाईट वाटतंय.

सिर्कू टॉवेल घेऊन निघाली. लाम्पेलाबाईंनी तिला आपल्या पाळीला बोलावलंय. मी विचारलं, मी इतका वेळ बसतो हे तुला माहीत होतं?

“सगळ्या जिन्याला माहीत होतं,” ती म्हणाली.

मग बोलली का नाहीस?

“तेवढा दीड तास घरात शांतता असायची, इल्पो.”

दार लावून गेली. आता शुक्रवारी संध्याकाळी मी घरीच असेन.