पान क्रमांक बेचाळीस

भद्रावती
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
सकाळी १० वाजून २० मिनिटे

प्रिय अंकुश,

पत्र सुरू करण्याआधी मी जुन्या टूथब्रशने पान-क्रमांक टाकायच्या शिक्क्यातली शाई साफ करत होतो. शिक्का लखलखीत झाला, आता टाळाटाळीला दुसरे काम उरले नाही. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, ही चूक माझी. ती आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे पुढचे आनंदाचे मोकळेपणाने लिहिता येईल.

गोंडपिपरीच्या शाळेत एका बाकावर बसून आपण दहावीला बसलो आणि मी इंग्रजीत दोनदा नापास झालो, ते तू विसरला नसशील. त्याच मुबीनच्या हाताखालून आता रोज दोनशे पाने इंग्रजी जाते. निशात आपा, माझी मावसबहीण, पंधरा वर्षे मुंबई आणि दुबईच्या विमा कंपन्यांत होती. ती मागच्या वर्षी घरी आली आणि मॉरिशस बेटावर स्वतःची विमा कंपनी काढायची म्हणून वरच्या खोलीत दोन टेबले टाकून बसली. आफ्रिकेतल्या चार-पाच देशांत खेड्यांतल्या लोकांनी चालवलेल्या लहान विमा संस्था आहेत. मोठे संकट आले तर त्या बुडतात. आपाची कंपनी त्यांचा विमा उतरवणार, म्हणजे विमावाल्यांचा विमा. एवढ्या देशांचे काम एका जागेवरून करायला ते बेट सोयीचे. मला तिने घेतले ते मी एकही कागद हरवत नाही म्हणून. बेटावरच्या सरकारी कार्यालयाकडून परवाना मिळाला तर मी नोंदी ठेवणारा कायमचा माणूस. नाही मिळाला तर आपा परत दुबईला आणि मी अब्बांच्या दुकानात गाद्या भरायला.

अब्बांना सुरुवातीपासून शंका. "बेटावर कंपनी म्हंजे पैसा लपवाचं काम हाय का रे? पोलीस आले तर मले सांगू नको, मी कापूस पिंजून राह्यलो म्हणीन." मी त्यांना त्या कार्यालयाकडून आलेल्या प्रश्नांची यादी दाखवली. पैसा कुठून आला, भागीदार कोण, त्यांचे पासपोर्ट, त्यांची विजेची बिले. आपाच्या पत्त्यावर तर तीन पत्रे झाली. आम्ही लिहिले, मशिदीच्या मागे. त्यांनी विचारले, रस्त्याचे नाव आणि घराचा क्रमांक काय? शेवटी नगरपालिकेतून दाखला आणला. अब्बा यादी वाचून म्हणाले, "इतकं तर तुही आजी तुह्या मायले पाहाले गेली तवाबी नोती विचारत."

मग ऑक्टोबरात शेवटचा प्रश्न आला. ज्या गावात पावती नाही, पंचनामा नाही, तिथे नुकसान खरे किती झाले हे तुम्ही कसे ठरवणार? मुंबईच्या सल्लागारांनी बारा पानी उत्तर लिहून पाठवले. मला त्यातले काही कळेना, आणि न कळलेल्या कागदावर शिक्का मारायला माझा हात धजत नाही. म्हणून मी एका कोऱ्या पानावर, फक्त स्वतःला समजावे म्हणून, मराठीत लिहून काढले की तुमच्या गावात हे कसे ठरते.

आठवते ना? दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्याकडे आलो होतो आणि वाघाने इसरू काकांचा बैल नेला. सकाळी सगळा गाव काकांच्या अंगणात बसला, नुकसान मिळून भरून द्यायला. मी काकांना विचारले, बैल केवढ्याचा होता? काका म्हणाले, "माहा बैल गेला ना, मंग आकडा म्या नाई सांगाचा. शेजारी सांगतीन." डाव्या-उजव्या घरच्यांनी आकडा सांगितला आणि सगळ्यांआधी त्यांनीच आपापला पैशाचा-धान्याचा वाटा ठेवला. आकडा फुगवला तर त्यांच्याच घरचे जास्त जाणार. कमी सांगितला तर रोज सकाळी काकांचे तोंड पाहायचे. मी हे सगळे लिहिले आणि सवयीने त्या पानावरही शिक्का मारला. पान क्रमांक बेचाळीस. एकेचाळीस आणि त्रेचाळीसच्या मधोमध ते स्कॅन झाले आणि बेटावर गेले.

चौथ्या दिवशी ईमेल आली. आपाने वरून हाक मारली, "मुबीन, ये बयालीस नंबर क्या भेजा तूने?" मी जिन्यातच बसलो. गादीचे दुकान, कापूस, सगळे डोळ्यांसमोर. पण ईमेलमध्ये लिहिले होते की हे पान आमच्या कार्यालयात एकीला वाचता येते आणि ज्याने लिहिले त्याच्याशी बोलायचे आहे.

गुरुवारी दुपारी अडीचला, तिकडे एक वाजता, पडद्यावर एक बाई आल्या. त्यांच्या पणजोबांचे आजोबा कोकणातून गेले होते आणि बाई शाळेत मराठी शिकल्या होत्या. अगदी हळू, एकेक शब्द जपून म्हणाल्या, "मी हे दोन वेळा वाचले. तुम्ही सांगा, शेजारी भांडलेले असले तर?" मी घाबरून आपल्या बोलीतच सुरू झालो, "बाई, भांडलेला असंन त त्याच्या पलीकडच्या घरी जातेत, अना भांडण त्याच दिवशी मिटवाले लावतेत." बाई हसल्या. बाजूच्या साहेबांना त्यांनी फ्रेंचमध्ये सांगितले, तेही हसले. चाळीस मिनिटे बोललो, अंकुश. शुक्रवारी तत्त्वतः मंजुरी आली. अब्बांनी गल्लीत जिलेबी वाटली आणि बेट कुठे आहे ते प्रत्येकाला वेगवेगळ्या दिशेला दाखवले.

एक अट आहे. शेजाऱ्यांनी आकडा सांगायचा हा नियम कंपनीच्या नियमावलीत लिहून २८ तारखेपर्यंत द्यायचा, त्याशिवाय पक्का परवाना नाही. आपा लगेच टाइप करायला बसली. मी म्हणालो, आपा, हा नियम आपला नाही, आपण तो विचारून घेतलेला नाही. तिने टाइप करणे थांबवले आणि म्हणाली, "सही है. पूछने चलते हैं." म्हणून हे पत्र. रविवारी २३ तारखेला मी, आपा आणि अब्बा तुमच्या गावी येतो. सगळ्यांसमोर विचारू. इसरू काका आणि गाव नाही म्हणाले तर ते पान काढून टाकू आणि जे होईल ते होईल, हे आपाने मला शब्द देऊन सांगितले आहे. तू फक्त त्यांना आधी सांगून ठेव. आणि एक गोष्ट मी त्या पानावर लिहिली नाही, ती तुला लिहितो. त्या सकाळी वाटे ठेवून झाले तेव्हा मी रिकाम्या हाताने कोपऱ्यात उभा होतो. तुझ्या आईने, सोनीबाईंनी, घरी जाऊन तांदूळ आणले, माझ्या ओंजळीत घातले आणि मला पुढे ढकलले. मी ते ठेवले. मोजणाऱ्याने सत्तावीस घरांच्या पुढे, मान वरही न करता, अठ्ठावीस म्हटले. तुझ्या आईला सांग, अठ्ठाविसावे घर येत आहे.

तुझाच,
मुबीन