माझा अंगठा आणि सुनेचं मशीन

३ मार्च
संताप! सूनबाईनं आमच्या क्लिनिकमध्ये मशीन आणलं. सांध्यावर टेकवलं की भुर्रर्र करतं. सोबत स्नायूंवर घासायला स्टीलची वाकडी पट्टी. म्हणे, कंपनानं दुखणं दबतं, स्नायू सैलावतात, मग सांधा सहज हलवता येतो. मी उभी हयात नुसत्या हातांनी लोकांचे आखडलेले सांधे मोकळे केले. हे खेळणं माझ्या टेबलाजवळ फिरकणार नाही. निर्णय अंतिम.

४ मार्च
बायको म्हणाली, तुमचा अंगठा सुजलाय. मूर्ख बाई. सूज नाही ती, कमावलेला स्नायू आहे.

७ मार्च
चित्रकलेच्या निवृत्त बाई आल्या. खांदा गोठलाय. कॅनव्हासच्या वरच्या कडेला ब्रश पोचत नाही, आकाश रंगवायचं राहिलंय म्हणाल्या. सूनबाईनं विचारलं, बाबा, मी बघू का? स्पष्ट नाही म्हटलं.

१० मार्च
बाई किंचाळल्या. उत्तम लक्षण. वेटिंगमधले दोघं उठून गेले. घाईत असतील. खरं तर आधी मी किंचाळलो, अंगठ्यात कळ आली म्हणून. पण आवाज एकात एक मिसळले. कुणाला कळलं नसावं.

१४ मार्च
विश्वासघात!! चहा पिऊन आलो तर बाई सूनबाईच्या टेबलावर. खांद्यावर भुर्रर्र, पाठीवर पट्टी, मग सूनबाईनं त्यांचा हात अलगद वर नेला. पार कानाच्या वर. बाई हसत होत्या, रडतही होत्या. पाया मी घातला होता, हे कुणीही बोललं नाही. मुलाला फोन केला. तो म्हणाला, बाबा, मीटिंगमध्ये आहे. नालायक.

१५ मार्च
ठरलं. उद्या सगळ्या पेशंटसमोर जाहीर सामना. हात विरुद्ध मशीन.

१६ मार्च, सकाळी
शर्टाचं बटण लागेना. अंगठा जागचा हलेना. बायकोनं सूनबाईला हाक मारली. मी ओरडलो, खबरदार! बायको म्हणाली, मग जा उघड्यानं सामन्याला.
सूनबाई आली. अंगठ्याच्या मुळाशी मशीन धरलं, कडेनं पट्टी फिरवली, मग सांधा हळूच ओढून हलवला. कळ गेली. च्यायला, खरंच गेली! बटण लागलं.
मी बजावलं, शेवटी हातच वापरलास ना? म्हणजे मीच जिंकलो.
हो बाबा, म्हणाली. म्हणूनच आता महिनाभर तुमच्या हातांना पूर्ण सुट्टी.
मग मी क्लिनिकमध्ये करू काय? माझा आवाज जरा चढलाच.
तिनं थोडा विचार केला. म्हणाली, मशीन चार्जिंगला लावत जा.

१७ मार्च
वायर खालच्या ड्रॉवरमध्ये असते.