चिंबोरीखालचे दोन ठोके

अल्लाहचे नाव घेऊन मी, अब्दुल गफूर हसनमियाँ तुंगेकर, वय अडुसष्ट, धंदा मोटार फिटर (आता बंद), राहणार पनवेल, माझ्या मागे माझ्या वस्तूंवरून कोणी तोंडे फिरवू नयेत म्हणून हा कागद लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. किशोरी पाटणकर यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. गाडीखालून येणाऱ्या आवाजाबद्दल त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. मला कोणी धमकावलेले नाही की फसवलेले नाही. एकाच माणसाचा माझ्यावर जोर आहे, त्याचे कलम पुढे येईल.

कलम १. राहते घर, मागची जागा व बँकेतली ठेव शरियतप्रमाणे बीवी कुलसुम, मुलगा अदीब व मुलगी शाजिया यांच्याकडे जाईल. त्यात मी लुडबूड करीत नाही. माझ्या मर्जीने द्यायला मला एक तृतीयांश हिस्सा आहे आणि तोही वारसांना सोडून इतरांना. खाली लिहिलेले सगळे त्या हिश्श्यातले. अदीब दुबईहून फोनवर म्हणतो, "अब्बा, तो लोखंडाचा ढीग भंगारात घाला, शेड मोकळी होईल." बेटा, ढीग तुझ्या हिश्श्यात येत नाही, निवांत राहा.

कलम २. हत्यारांची पेटी, व्हाइस आणि चेनपुली माझी नात, शाजियाची मुलगी तूबा हिला द्यावी. तिला मशीन उघडून बघायची खोड आहे. मुलीच्या जातीला पाने-पक्कड कशाला, असे तिच्या बापाने म्हणू नये. त्याची स्कूटर तिनेच दुरुस्त केली आहे. हायड्रॉलिक जॅक शेजारच्या काळूराम ठोंबरे याने नेला तेव्हा चांगला होता, परत आणला तेव्हा तेल गळत होते. आधीच गळत होता म्हणतो. त्याला मी काही देत नाही. तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणाले. बरे झाले.

कलम ३. घरामागच्या शेडमध्ये एक वाहन आहे. वकिलांनी नंबर विचारला. नंबर नाही. कंपनी विचारली. कंपनी आम्ही तिघे: मी, लोखंडी ग्रिलचा कारखाना असलेला अविनाश वाणी, आणि चिरनेरचा काशिराम मोकल, जो आता नाही. चासिस मोडीत निघालेल्या जीपची, इंजिन टेंपोचे, सीट एसटीची. दर रविवारी जमायचे, कुलसुमच्या हातचे जेवायचे आणि एकमेकांचा उद्धार करीत गाडी बांधायची, असा आमचा नेम होता. काशिरामची वरकस, भात न पिकणारी जमीन डोंगराच्या अंगाला आहे, तिथे बैलगाडीही जात नाही. तिथे स्वतःच्या गाडीने चढायचे, एवढाच हेतू. लोक म्हणत, म्हातारचळ. होताच.

मागचा एक्सल बोटभर वाकडा बसला. त्यामुळे गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, म्हणून काशिरामने तिचे नाव चिंबोरी ठेवले. माप मी घेतले, वेल्डिंग अविनाशने केले. माप बरोबर होते, हे या कायदेशीर कागदावर नोंदवून ठेवतो.

एकदाच ती चढली. वर पोचल्यावर काशिराम खाली उतरलाच नाही, सीटवर बसून आपल्या जमिनीकडे बघत राहिला. म्हणाला, "गफूरभाय, बापाला दाखवाला पायजे व्हता." उतरताना ब्रेक पोकळ झाला, दाबला तरी लागेना, आणि एका जांभळीच्या खोडाला टेकून आम्ही वाचलो. ब्रेकच्या पाइपात हवा शिरली होती. पुढच्या रविवारी ती काढायला बसलो.

कलम ४. हे देण्याघेण्याचे कलम नाही, पण याच्याशिवाय पुढचे कळणार नाही.

हवा काढायला दोघे लागतात. वरचा पेडल दाबून धरतो. खालचा चाकामागचा निपल, म्हणजे तेलाची लहान तोटी, सैल करतो, फेसाळलेले तेल बाहेर पडते, मग तो निपल पुन्हा आवळतो. आवळायच्या आत वरच्याने पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते आणि दिवसभराची मेहनत पाण्यात. माझा कान कुवेतमधल्या नोकरीपासून अधू, गाडीखालची हाक ऐकू येत नाही. म्हणून आमची ठोक्यांची भाषा होती. खालून पान्याचा एक ठोका म्हणजे दाबून धर. दोन ठोके म्हणजे सोड. काशिरामचा हुकूम होता, "मी दोन ठोकल्याबिगर पाय उचलाचा नाय. अल्ला आला तरी नाय." मी म्हणालो, तौबा कर. तो हसत खाली गेला.

एक ठोका आला. मी दाबले. पेडल तळाला टेकले, म्हणजे त्याने निपल सोडला. मी दोन ठोक्यांची वाट बघू लागलो. वाटले, तेल डोळ्यात गेले असेल, पुसत असेल. हाक मारली. वाटले, मस्करी करतोय. त्याची ती खोडच होती. मांडी थरथरू लागली तरी धरून राहिलो. अविनाश ब्रेक ऑइलचा डबा घेऊन दुकानातून आला, वाकला आणि ओरडला, "गफूर, सोड ते, खाली ये." मी म्हणालो, दोन ठोके कुठे आलेत? त्याने एकट्याने काशिरामला ओढून बाहेर काढले.

डॉक्टर म्हणाले, हृदय जागच्या जागी थांबले, कोणाच्या हातात काही नव्हते. अविनाशने ते ऐकले, पण मानले नाही. "माणूस गेला आणि तू पेडल धरून बसलास," असे तो स्मशानात सर्वांदेखत बोलला. तेव्हापासून तो ईदला येतो, शीरखुर्मा खातो, कुलसुमशी बोलतो आणि शेडकडे पाठ करून बसतो. अविनाश, पाय कधी उचललास, हे तू मला एकदाही विचारले नाहीस.

उचललेला नाही. शरीराने खाली उतरलो, तिरडीला खांदा दिला, घरी आलो. पण जेवताना, नमाजेत बसताना माझा उजवा पाय दाबलेलाच असतो. कुलसुम गुडघ्यावर हात ठेवते आणि म्हणते, "आता तरी सोडा हो." चिंबोरीची हवाही आजवर निघालेली नाही. मास्टर सिलिंडर बदलला, पाइप बदलले, निपल बदलले. सकाळी पेडल कडक, दुपारी पुन्हा पोकळ. आणि मी त्यावर पाय ठेवला की डाव्या मागच्या चाकाकडून, काशिराम होता तिथून, ठोका येतो. एकच. मी दाबून धरतो. पुढे काही येत नाही.

मला भीती वाटत नाही, असे लिहिणार होतो. वाटते. तो गेला याची नाही. तो अजून खाली पाठीवर पडून आहे, माझ्या भरवशावर आहे, आणि मी मेल्यावर पेडल धरणारा कोणी नाही, याची वाटते.

कलम ५. चिंबोरी, आहे त्या स्थितीत, मी अविनाश वाणी याला देतो. अट एक. माझी मय्यत घरात असताना त्याने शेडमध्ये जावे, काशिराम होता तिथेच गाडीखाली पाठीवर पडावे, निपल आवळावा आणि काशिरामच्या दहा-अकरा नंबरच्या पान्याने चासिसवर दोन ठोके द्यावेत. जोरात द्यावेत, माझा कान अधू आहे. हे मी स्वतः करू शकत नाही, कारण माझा पाय वर पेडलवर आहे. दुसऱ्या कोणाकडून करवू नये. अविनाश, तू त्याला ओढून काढलेस तेव्हा काम अर्धेच झाले होते.

दोन ठोके ऐकू आल्याशिवाय माझा जनाजा उचलू नये. मौलवीसाहेबांना कुलसुमने सांगावे की ही मजहबाची गोष्ट नाही, फिटरची आहे. अशी अट कोर्टात टिकत नाही, असे वकील म्हणाले. कोर्टासाठी लिहिलेली नाही. त्यानंतर अविनाशने गाडी भंगारात घातली तरी माझी तक्रार नाही.

कलम ६. तो पाना नंतर काशिरामच्या बायकोला, भामाला, द्यावा. मी एकदा द्यायला गेलो होतो. ती म्हणाली, "भावजी, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. घरान तो बोलाचा नाय, तुमच्या गाडीखालीच बोलाचा." आता त्याचे बोलणे संपेल. आता तिने घ्यावा.

वरील सर्व मीच लिहिले आणि मला समजले आहे. घरात उकडते म्हणून टेबल शेडच्या दाराशी मांडले आहे. आत्ता हे लिहिता लिहिता आतून एक ठोका आला. काळूराम म्हणतो, पत्र्यावर आंबा पडला. डॉक्टरीणबाई माझ्या पायाकडे बघत आहेत. मी दाबून धरले आहे आणि सही करतो.

ठिकाण: पनवेल
तारीख: ११ मे २०२५

(सही) अब्दुल गफूर हसनमियाँ तुंगेकर

साक्षीदार:

१. (सही) डॉ. किशोरी पाटणकर. त्यांनी आमच्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते.

२. (सही) काळूराम ठोंबरे. जॅक आधीच गळत होता. पत्र्यावर चढून पाहिले, आंबा नाही. अविनाशला मी घेऊन येईन.