पिवळी नळी

३ मार्च, सोमवार

एकोणिसावी पेशी. सतरा नंबरचं औषध सोडलं, दहा मिनिटं थांबले — पोटॅशियमचा प्रवाह जागचा हलला नाही. हेच हवं होतं. रक्तदाब उतरवायला निघालेलं औषध हृदयाच्या पेशीतली पोटॅशियमची दारं बंद करायला लागलं, तर ठोका लांबतो, लय बिघडते, चालता-बोलता माणूस कोसळतो. सतरा नंबर त्या दारांकडे ढुंकूनही बघत नाही. गुणाचं आहे.

४ मार्च

विसावी. तेच. आज हात छान बसला होता — सुई टेकवली आणि पहिल्याच ओढीला पेशी घट्ट चिकटली!

६ मार्च, गुरुवार

काचकामाचे काका आले. पेशीला लावायच्या काचेच्या सुया तेच काच तापवून ओढतात, औषध पेशीपर्यंत नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्याही तेच धुतात. दारातच उभे. हातात कालची नळी.

"बाई, ही पिवळी पडलीय. तीनदा धुतली."

"औषधच पिवळं आहे, काका. डाग पडणारच."

"डाग म्हणजे औषधच ना? निम्मं नळीच प्यायली, तर पेशीला काय उरतं?"

मला हसू आलं. समजावलं, की दारं बंद करणारं एक ओळखीचं औषध आहे. ते मी दर आठवड्याला ह्याच नळीतून सोडून बघते, आणि दारं मुकाट बंद होतात. म्हणजे नळी चोख आहे.

"ते पाण्यासारखं आहे, बाई. हे तेलकट आहे, प्लॅस्टिकला चिकटतं." एवढं बोलून गेले.

बावीस वर्षं हेच करतेय मी. नळी धुणाऱ्यानं आता मला शिकवायचं.

१० मार्च, सोमवार

अहवालावर सही केली. 'हृदयाला धोका आढळला नाही.' चार शब्द, आणि त्यांच्यामागे एकतीस पेशी.

दुपारी चाचणी-प्रमुखांचा फोन. "माणसाला पहिला डोस पुढच्या सोमवारी ठरलाय, पण वॉर्ड ह्या शुक्रवारीच रिकामा आहे. अलीकडे घेऊ का?"

"बेलाशक घ्या," म्हटलं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, "मग आता घरच्या माणसांना ओळख देणार का?" म्हटलं, शनिवारी देते. दोघं फिरून आलो. झोप उत्तम लागली.

१२ मार्च

जिन्यात काका भेटले. नळीचा विषय मीच काढला. "तुम्ही म्हणता तर असेल," म्हणाले. नुसतं एवढंच. ते वाक्य दिवसभर दाताखाली खडा आल्यासारखं लागत राहिलं. शेवटी चार वाजता त्यांच्या खोलीत गेले.

"काचेची नळी करून द्या. एकदाचं तुमचं समाधान होऊ दे."

"शुक्रवारी सकाळी देतो. काचेला घाई चालत नाही."

शुक्रवार तर शुक्रवार. मला कुठे घाई आहे?

१३ मार्च

दिवसभर बैठका. प्रयोग नाही.

१४ मार्च, शुक्रवार

साडेआठला नळी जोडली. काका मागे उभे, हाताची घडी घालून. औषध सोडलं. चार मिनिटांत प्रवाह निम्म्यावर आला. मला वाटलं, पेशीच मेली. दुसरी घेतली. तीही निम्म्यावर. काकांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

चाचणी-प्रमुखांना फोन केला. "थांबवा. पहिला डोस देऊ नका."

पलीकडून शांतपणे — "तो आठलाच दिला."

१४ मार्च, दुपार

वॉर्डात बसून लिहितेय. पुढचे डोस थांबवले. अहवाल मागे घेतला, माझ्या सहीनं. ज्याला डोस दिला तो बसचालक आहे, धडधाकट. डोस लहानच होता, तरी पडद्यावर ठोका लांबलेला दिसतोय. लय अजून शाबूत आहे. डॉक्टर म्हणतात, रात्रीपर्यंत कळेल.

मघाशी त्यानं विचारलं, "सगळे असे का जमलात? माझं काही चुकलं का?"

"नाही. माझं चुकलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे हात केला. "मग बसा इथंच."