गोड्या पाण्याचं बेट

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. अक्षर तेच टपोरं, पण ओळी घसरत कागदाच्या कोपऱ्यात गेल्यात. डोळ्यांचं त्यावरूनच कळलं. मग पुढचं वाचलं. विहीर खारट झाली, नव्या इस्पितळाला कुलूप आहे, डोळ्यांचा डॉक्टर कधी आलाच नाही, म्हणून घर आवरून पुढच्या बोटीने तू कायमची माझ्याकडे येतेस. माझ्या बेटावर म्हणे गोडं पाणी आहे, चालू दवाखाना आहे, तुला एक कोपरा पुरे.

वाचून मी चहा टाकला आणि तो फाटला. हल्ली रोजच फाटतो.

वसतिगृहातली रविवारची पत्रं आठवतात? मोठ्या सिस्टर लाल पेन्सिल घेऊन वाचायच्या. भातात खडे असतात असं तू लिहिलंस, त्यांनी खोडलं. घरचे काळजीत पडतील म्हणाल्या. मग तू लिहिलंस, जेवण पोटभर मिळतं. आईला वाटलं, पोरी गुटगुटीत झाल्या. तिने सुट्टीसाठी शिवलेले ते ऐसपैस फ्रॉक आपल्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखे लोंबत होते. आपण किती हसलो होतो.

सिस्टर गेल्या, पण लाल पेन्सिल आपल्या दोघींकडे राहिली. तू तिकडच्या बेटावर नांदायला गेलीस, मी इकडच्या. तुझं बेट चांगलं की माझं, ही आपली लाडकी भांडणं पत्रांतून चालू राहिली. रस्त्यावर दिवे आले असं तू कौतुकाने कळवलंस. ते लागतात की नाही, ते कळवलं नाहीस. मीही डॉक्टर आला हे लिहिलं, गेला हे लिहायचं राहिलं. आता कंपाउंडर आहे. डोकं दुखो की गुडघा, तो त्याच पांढऱ्या गोळ्या देतो आणि वर म्हणतो, काकू, विश्वास ठेवा. आमच्या विहिरीतही समुद्र शिरलाय. पाण्याची बोट येते तेव्हा आम्ही म्हातारे डबे घेऊन धक्क्यावर उभे असतो. तरुण कोणी उरलेलं नाही. मी शिकवायची त्या शाळेत आता मासेमारीची जाळी ठेवतात.

ह्यांचा दमा फार वाढलाय. ऑक्सिजनचा सिलिंडर बोटीने येतो, आला तर. रात्रभर हे उशांना टेकून बसतात. तेच म्हणाले, ताईकडे नवं इस्पितळ झालंय ना, तिकडे जाऊ. म्हणून मीही घर आवरायला घेतलं होतं, ताई. कपाट शेजारणीला देऊन टाकलं. बोटीवरच्या तांडेलाला जागा विचारली, तर तो हसला. बाई, तिकडची माणसं इकडे निघालीत, तुम्ही कुठे चाललात, म्हणाला. मला त्याचा रागच आला. मग तुझं पत्र त्यानेच हातात ठेवलं.

म्हणून आजच्याच बोटीने हे पाठवतेय. येऊ नकोस. शेजारच्या कोणाकडून वाचून घे, पण बांधलेलं सामान सोड. तुझ्या घरातली वाट तुला न बघता सापडते. इथे तुला हाताला धरून कुठे नेऊ? आणि उत्तरात खडे असतील तर खडे लिही. आता खोडणारं कोणी नाही.

हे तर बूट घालून दारात बसलेत. तुझ्या इस्पितळाला कुलूप आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुझीच,
धाकटी